लाइन गेली, लाइन लागली, लाइन टाकली

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन, नागपूर)



आजच्या पत्रकात विषय ‘एक इंग्रजी शब्द’ एवढाच छापलाय, त्यामुळे दोघातिघांनी मला दारातच अडवून विचारलं, कोणता शब्द? तो सांगण्याआधी आपल्या नागपुरातली एक साधी सकाळ बघू.

सहाला जाग येते, कारण पंखा थांबलेला असतो. आतून आवाज येतो, ‘लाइन गेली.’ दूध आणायला जावं तर बूथवर लाइन. गॅससाठी फोन करावा तर लाइन लागत नाही. मुलगी कॉलेजला निघते, तिला सीताबर्डीला ऑरेंज लाइन सोडून अ‍ॅक्वा लाइनची मेट्रो धरायची असते. मुलगा दहावी झालेला, कोणती लाइन घ्यावी या विचारात. आजोबा दवाखान्यात भरती; नर्स म्हणते, ‘यांची लाइन निघाली, दुसरी टाकावी लागेल.’ आणि तुमचं स्वतःचं काम असतं हायकोर्टात, म्हणजे सिव्हिल लाइनला. नऊ वाजायच्या आत हा शब्द सात वेळा आला, सातही वेळा अर्थ वेगळा, आणि एकदाही कुणाचा गोंधळ झाला नाही.

गोंधळ होतो तो पाहुण्यांचा. पुण्याकडे ‘लाइट गेले’ म्हणतात. तिकडचा माणूस आपल्याकडे पहिल्यांदा येतो, ‘लाइन गेली’ ऐकतो आणि विचारतो, कुठे गेली?

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस वीज खात्यातून निवृत्त झालेला, याला शब्दांशी काय करायचं? तर त्याचं कारण सांगतो.

नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. पावसाळ्याचे दिवस, खेड्यातलं काम. अकरा केव्हीच्या लाइनवर एक जंपर तुटला होता. माझ्यासोबत एक म्हातारे लाइनमन होते, त्यांना सगळे काका म्हणत. गावात एकच फोन, तो पोस्टात. ठरलं असं होतं की सबस्टेशनचा ऑपरेटर फीडर बंद करेल, पोस्टात फोन करेल, आणि पोस्टातला मुलगा आम्हाला येऊन सांगेल. बराच वेळ निरोप आला नाही. मग तो मुलगा भिजत, पळत आला आणि लांबूनच ओरडला, ‘साहेब, सबस्टेशनचा फोन होता, लाइन बंद आहे म्हणते!’

मी कमरेचा पट्टा बांधला. काकांनी माझा हात धरला. म्हणाले, ‘थांब बाबू. कोणती लाइन? अन् बंद पडली का बंद केली?’

मुलाला ते सांगता येईना. काका स्वतः पावसात पोस्टापर्यंत चालत गेले आणि फोन लावून आले. ऑपरेटर काय म्हणाला होता? ‘फोनची लाइन बंद होती, म्हणून उशीर झाला. थांबा, फीडर अजून बंद केलेला नाही.’ मुलाला पहिलं वाक्य लक्षात राहिलं, आणि तेही अर्धं. खांबावरच्या तारेत अकरा हजार व्होल्ट तसेच होते.

मुलगा खोटं बोलला नव्हता आणि ऑपरेटरचंही काही चुकलं नव्हतं. शब्दही बरोबर होता, फक्त तो दुसऱ्याच लाइनचा होता. त्या दिवसापासून या शब्दाकडे मी जरा नीट बघायला लागलो.

आता शब्दाचं मूळ. आपल्या विदर्भात रब्बीला जवस पेरतात. निळी फुलं, तपकिरी चकचकीत दाणा. जवसाची चटणी आपल्या सगळ्यांच्या ताटात असते. या जवसाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव ‘लायनम’, आणि हे लॅटिनमधलं जवसाचंच जुनं नाव आहे. आपण जवस तेलासाठी आणि चटणीसाठी पिकवतो, पण युरोपात याच झाडाच्या खोडातून धागा काढत. त्या धाग्याचं कापड म्हणजे लिनन. त्याचं बी म्हणजे लिनसीड. कोटाच्या आत जे अस्तर लावत ते लिननचं, म्हणून त्याला लायनिंग. आणि जवसाच्या त्या धाग्याला लॅटिनमध्ये म्हणत ‘लिनिया’. त्यातूनच इंग्रजीतला ‘लाइन’ आला. म्हणजे सुरुवातीला लाइन ही कागदावरची रेघ नव्हती. हातात धरून ताणता येईल अशी ती दोरी होती.

गवंडी आजही काय करतो? दोन टोकांना खिळे ठोकतो, दोरी ताणतो आणि तिच्या आधारानं विटा रचतो. ताणलेल्या दोरीइतकी सरळ वस्तू जुन्या माणसाकडे दुसरी नव्हती. म्हणून दोरीचं नाव सरळ रेघेला मिळालं.

गंमत अशी की आपल्या भाषांनी स्वतंत्रपणे हाच प्रवास केलाय. संस्कृतातलं ‘सूत्र’ म्हणजे मुळात धागा. मोजायची दोरी धरणारा तो सूत्रधार, आणि त्यातूनच आपला ‘सुतार’ शब्द आला. सुताराकडे आठव्या हिश्श्याच्या इंचाला ‘सूत’ म्हणतात. इंग्रजांकडेही ‘लाइन’ नावाचं माप होतं, इंचाचा बारावा हिस्सा. आपण म्हणतो, पोरगा सुतासारखा सरळ झाला. ते म्हणतात, लाइनवर आला. गणितातलं सूत्र, जीवशास्त्रातलं गुणसूत्र, कार्यक्रमाचं सूत्रसंचालन, सगळीकडे तोच धागा. आणि कॉलेजच्या कट्ट्यावर ज्याला ‘लाइन मारणे’ म्हणतात, ते जमलं की घरची मंडळी काय म्हणतात? ‘यांचं सूत जुळलं.’ (हशा) हसू नका, शब्द बघा. दोन्हीकडे धागाच आहे.

आता धाग्यानं माणूस काय काय करतो? मी विचार केला तेव्हा मला तीन कामं दिसली. धागा जोडतो. धागा मांडतो, म्हणजे ओवून एका ओळीत लावतो. आणि धागा वेगळं करतो, म्हणजे हद्द आखतो. लाइनचे जवळजवळ सगळे अर्थ या तीन कामांमध्ये बसतात. एकेक घेऊ.

पहिलं काम, जोडणं. रेल्वे लाइन. १८६७ मध्ये भुसावळकडून रेल्वे नागपूरला पोचली, आणि १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी निघाली. मुंबई ते हावडा आणि दिल्ली ते चेन्नई, हे दोन मोठे मार्ग आपल्या स्टेशनावर भेटतात. मेट्रोच्या दोन लाइनी सीताबर्डीला भेटतात. विजेची लाइन, पाण्याची पाइपलाइन, टेलिफोनची लाइन, दवाखान्यातली सलाइनची लाइन, सगळं याच घरातलं. इकडून तिकडे काहीतरी वाहून न्यायचं. म्हणून मराठीत त्यातल्या बऱ्याच लाइनींना ‘वाहिनी’ हा नेमका शब्द मिळाला: जलवाहिनी, पारेषण वाहिनी.

याच कामाचा एक सूक्ष्म प्रकार शेतीशास्त्रात आहे. आपल्याकडे केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. तिथल्या माणसाला विचारा, लाइन म्हणजे काय? तो वंश म्हणेल. स्वपरागणानं पिढ्यान्‌पिढ्या तोच गुण टिकवून धरणारं झाड, त्याला ‘प्युअर लाइन’ म्हणतात. ही कल्पना योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञानं १९०३ मध्ये घेवड्याच्या बियांवर काम करून मांडली. आजोबापासून नातवापर्यंत गेलेला धागा, म्हणून लाइन.

दुसरं काम, मांडणं. रांग, ओळ, फळी. सिव्हिल लाइन याच घरातली. फौजेच्या छावणीत तंबू आणि बराकी रांगेनं लावत, त्या रांगांना ‘लाइन्स’ म्हणत. आपल्या शेजारी कामठीला १८२१ मध्ये इंग्रजांची छावणी बसली. फौजेच्या लाइन्स वेगळ्या, म्हणून मुलकी अधिकाऱ्यांच्या वस्तीला सिव्हिल लाइन्स. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, नागपूर राजधानी झालं, आणि त्या वस्तीचं महत्त्व वाढलं. आज तिथे विधान भवन आहे, हायकोर्टाचं खंडपीठ आहे, पण रांगेतला तंबू एकही नाही. नाव मात्र राहिलं. टाकळीच्या पोलीस लाइनचंही तसंच.

औषधांची लाइनही इथलीच. क्षयरोगावर आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही ‘फर्स्ट लाइन’ औषधं. लाइन म्हणजे इथे लढाईतली फळी. जंतू त्यांना दाद देईनासे झाले की ‘सेकंड लाइन’ औषधं देतात. आता नातेवाइकाला हे ऐकू कसं येतं? सेकंड म्हणजे दुय्यम, हलक्या प्रतीचं. तो मनात म्हणतो, गरीब बघून आम्हाला दोन नंबरचं औषध देतात. खरं तर ही औषधं बहुतेक वेळा जास्त महाग असतात आणि त्यांचा त्रासही जास्त असतो. शिवाय उपचार लांबू शकतो. अशा वेळी डॉक्टरांनी ‘दुसऱ्या फळीची औषधं’ म्हटलं, आणि पहिली फळी का मागे घेतली ते दोन वाक्यांत सांगितलं, तर मधेच औषध सोडून देणारा एखादा माणूस वाचू शकतो.

तिसरं काम, वेगळं करणं. इथे लाइन अदृश्य होते. खांबावरची तार दिसते, दुकानापुढची रांगही दिसते. पण हद्द म्हणून आखलेली लाइन बहुतेक वेळा जमिनीवर नसते, कागदावर असते, आणि तरीही माणसाचं आयुष्य तिच्यावर ठरतं.

नियंत्रण रेषा घ्या. १९४९ ची युद्धबंदी रेषा, १९७२ च्या सिमला करारानंतर नियंत्रण रेषा झाली. तिचं इंग्रजी लघुरूप एलओसी. पण बँकेतल्या माणसाला एलओसी म्हटलं की ‘लाइन ऑफ क्रेडिट’ आठवते, म्हणजे एवढ्या रकमेपर्यंत कर्ज उचलता येईल अशी मर्यादा. आणि संगणकवाल्यांकडे एलओसी म्हणजे प्रोग्रामच्या ओळींची संख्या. तीन अक्षरं तीच, आणि लाइन तीन वेगवेगळ्या.

पूररेषा घ्या. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. साधारणपणे निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. हे ऐकून लोक म्हणतात, मागच्या साली पूर येऊन गेला, आता २५ वर्षं चिंता नाही. तसा अर्थ नाही. कोणत्याही एका वर्षी तसा पूर येण्याची शक्यता शंभरात चार, असा त्याचा अर्थ. यंदा आला तरी पुढच्या वर्षी पुन्हा शंभरात चार. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला, घरांत पाणी शिरलं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पूररेषा म्हणजे पाण्याला घातलेली अट नव्हे, ती आपल्याला दिलेली सूचना आहे.

आणि आता दारिद्र्यरेषा. हिचं महाराष्ट्राशी जवळचं नातं आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी आधार धरला माणशी दिवसाला २,२५० कॅलरी अन्नाचा. पुढे १९७९ मध्ये नियोजन मंडळाच्या गटानं खेड्यात २,४०० आणि शहरात २,१०० कॅलरी धरल्या. नंतर सुरेश तेंडुलकर समितीनं २००९ मध्ये पद्धत बदलली. त्या पद्धतीनं २०११-१२ साठी देशपातळीवरची रेषा आली माणशी महिन्याला खेड्यात ८१६ रुपये आणि शहरात १,००० रुपये. दिवसाचे झाले साधारण २७ आणि ३३ रुपये. त्यावर देशभर केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल.

भांडण आकड्याचं होतं, पण मला त्यात शब्दाचंही भांडण दिसतं. अर्थतज्ज्ञाकडे ही रेषा मोजण्याची काठी आहे. देशात गरिबी वाढली की घटली, हे दरवेळी एकाच खुणेपासून मोजता यावं म्हणून. रेशनच्या खिडकीशी आली की तीच रेषा दार होते. अलीकडे उभा असलेला आत, पलीकडचा बाहेर. आपल्या राज्यात १९९९ मध्ये पिवळं, केशरी आणि शुभ्र अशी तीन रंगांची कार्डं आली, तेव्हा पिवळ्या कार्डासाठी वर्षाला १५,००० रुपये उत्पन्नाची मर्यादा होती. एखाद्याचं उत्पन्न १५,१०० भरलं तर तो शंभर रुपयांनी श्रीमंत झाला का? मोजणाऱ्यासाठी शंभर रुपयांची चूक म्हणजे काहीच नाही. त्या माणसासाठी मात्र कार्डाचा रंगच बदलतो. शब्द एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जाताना त्याचं काम बदलतं, आणि बहुतेकदा ते कुणी बोलून दाखवत नाही.

मोजण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्या भागातली एक गोष्ट सांगतो. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्टन जानेवारी १८२३ मध्ये वारला, तो आपल्या हिंगणघाटला. हैदराबादकडून नागपूरला येत असताना. त्याच्या कामाची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासजवळ झाली, एक ‘बेसलाइन’ मोजून. साडेसात मैलांच्या आसपास लांबीची एकच सरळ रेषा, पोलादी साखळीनं मोजलेली, उन्हानं साखळी किती वाढते याचाही हिशेब ठेवून. मग तिच्यावरून त्रिकोण, त्रिकोणावर त्रिकोण. म्हणजे पहिली रेषा चुकली की पुढचा सगळा नकाशा चुकला. आज सामाजिक संस्थांमध्ये, दवाखान्यांत ‘बेसलाइन’ म्हणतात ती सुरुवातीची नोंद असते. दोरी, साखळी काही नाही. पण जबाबदारी तीच: पहिली नोंद खोटी, तर पुढची तुलनाही खोटी.

आता माझ्या मूळ भीतीकडे येतो. एकाच शब्दाचे अर्थ जिथे एकमेकांवर आदळतात ती जागा.

‘डेड’ आणि ‘लाइन’ हे दोन शब्द घ्या. टेलिफोनची लाइन डेड झाली तर ती तक्रार. विजेची लाइन डेड आहे म्हटलं तर माणसासाठी सुरक्षितता. आणि दोन्ही शब्द जोडून लिहिले तर ऑफिसातली डेडलाइन. या शेवटच्या शब्दाचा जन्म वाईट आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६४ मध्ये, अँडरसनव्हिलच्या तुरुंगात कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. कैदी ती ओलांडून गेला की पहारेकरी गोळी घालत. म्हणून डेडलाइन.

‘लाइन क्लिअर’ घ्या. रेल्वेत पुढच्या स्टेशननं लाइन क्लिअर दिलं म्हणजे मार्ग मोकळा आहे, गाडी सोडा. दक्षिणेकडच्या राज्यांत वीज खात्यातही ‘लाइन क्लिअर’ म्हणतात, आपल्याकडे त्याला परमिट म्हणायची सवय आहे. त्याचा अर्थ, लाइन बंद केली आहे, माणूस चढवा. एकीकडे लाइनवर गाडी येणार, दुसरीकडे लाइनवर वीज येता कामा नये.

आणि ‘बंद’. इथे दोष इंग्रजीचा नाही, आपल्या मराठीचा आहे. ‘लाइन बंद आहे’ या वाक्यात कर्ताच नाही. ती आपोआप पडली, की कुणी केली? आपोआप बंद पडलेली लाइन आपोआप चालूही होते. शिवाय स्विच काढला म्हणजे लाइन मेली असंही नाही. कुणाच्या घरचं जनरेटर चुकीचं जोडलेलं असेल तर वीज उलटी येते. शेजारून दुसरी चालू लाइन जात असेल तर प्रवर्तनानं हिच्यात दाब येतो. म्हणून नियम असा: लेखी परमिट घ्या, एबी स्विच उघडून कुलूप लावा, तारेत वीज आहे का ते तपासा, मग डिस्चार्ज रॉड लावून दोन्ही बाजूंनी अर्थिंग करा. त्यानंतरच हात. एवढे सगळे टप्पे आहेत, कारण ‘बंद’ या शब्दावर भरवसा ठेवून चालत नाही.

मग सकाळच्या त्या सात लाइनींमध्ये आपण का गोंधळलो नाही? कारण मराठीत अर्थ लाइन या नामात नाही, तिच्या क्रियापदात आहे. लाइन गेली, लाइन लागली, लाइन घेतली, लाइन टाकली, लाइन आखली, लाइन मारली, लाइन तोडली. क्रियापद बदललं की अर्थ बदलला, आणि समोर कोण बोलतंय हे आपल्याला दिसत होतं. नर्स म्हणाली ‘लाइन टाकली’ तर सलाइन, शेतकरी म्हणाला ‘लाइन टाकली’ तर विहिरीपासूनची पाइपलाइन. धोका तिथे येतो जिथे निरोप तिसऱ्याच्या तोंडून येतो, बोलणारा दिसत नाही आणि क्रियापद ‘आहे’ एवढंच उरतं.

(श्रोत्यांमधून प्रश्न: मग लाइनला एकच मराठी शब्द ठरवून का देत नाहीत?)

छान विचारलंत. एक ठरवता येणार नाही, आणि गरजही नाही. मराठीकडे आधीच वेगवेगळे शब्द आहेत: रेषा, रेघ, ओळ, रांग, फळी, वाहिनी, मार्ग, तार, हद्द, वंश. भूमितीत रेषा दोन्ही टोकांना न संपणारी आणि जाडी नसलेली, पण वहीत पेन्सिलीनं ओढतो ती रेघ, हा फरक आपल्या शाळकरी पोरालाही कळतो. बोलताना लाइन म्हणा, मीही म्हणतो. ऑनलाइनला मी उगाच प्रतिशब्द शोधत बसणार नाही. पण जिथे औषध आहे, वीज आहे, कर्ज आहे, कार्ड आहे, तिथे नेमका शब्द वापरा, आणि समोरच्यानं नाही वापरला तर विचारा. काकांनी विचारलं तसं. कोणती लाइन? कुणी बंद केली?

ते काका पुढे तीन वर्षांनी निवृत्त झाले. सगळी नोकरी खांबावर काढली आणि स्वतःच्या पायांनी घरी गेले. इथे वीज खात्यातली कुणी तरुण मंडळी बसली असतील, तर माझं एवढंच मागणं आहे. निरोप फोनवर येवो की व्हॉट्सअ‍ॅपवर, ‘लाइन बंद आहे’ एवढं वाचून खांबावर चढू नका. उलटा फोन करा.